गाठीच्या वर तीन बोटं

डिंभे, ता. आंबेगाव
१० फेब्रुवारी २००३

चि. तेजूस,
सावळेराममामाचे आशीर्वाद. होस्टेलात जेवण बरं मिळतं का? तुझी आई म्हणत व्हती, पोरगी पार वाळली.

पत्रास कारण की आपली जुनी जीप आता बास म्हणती. गेल्या सोमवारी घोडेगावच्या अलीकडं चढाला रस्त्याच्या मधोमध बसली. मागं एस.टी., एस.टी.च्या मागं लग्नाचं वऱ्हाड. शेवटी नवरदेव उतरला धक्का मारायला. तुझी मामी त्याला म्हणती, "दादा, जरा बेतानं, गाडीला हळद लागंल." वऱ्हाड हसून हसून लोळलं आन् गाडी जागची हलंना.

तर पाडव्याला नवी पिकअप घ्यायची. रंग पांढरा, एवढं ठरलं. बाकी शोरूमचा कागद सगळा इंग्रजीत. त्यात चाकं दोन परकारची हायत, दोन्ही कंपनीचीच. एक साधी, एक मोठी. आपल्या अख्ख्या घरात गाड्यांचं शिकलेली तू एकटी. मी समद्यांना सांगून ठेवलंय, आमची भाची सांगंल ती चाकं.

फकस्त एक गोष्ट ध्यानात ठेव. माल मी भरत न्हाई, मामी भरती. माझी कंबर गेल्यापासनं मी नुसता डायवर. सहा वाड्यांच्या बाया टमाटं तिच्यापाशी देत्यात, ती क्रेट चढवती, नारायणगावच्या मार्केटात उतरवती, दुपारी कुणाच्या गोळ्या, कुणाच्या बांगड्या घेऊन माघारी. ती कशी बुटकी, पायलीएवढी, तुला ठाऊकच हाय. हातावर वजन घेतच न्हाई. क्रेट पोटाशी धरायचं, कड गाडीच्या मागच्या फाळक्यावर टेकवायची, आन् छातीनं आत रेटायचं. म्हणून उघडलेला फाळका तिच्या उंचीला बसला पायजे.

तिनं पाकिटात सुतळी घातलीय. एक टोक भुईला लावायचं, गाठ आली की तिथं फाळका. वर बोटभर चालंल, जास्त न्हाई. मी म्हणलं, अगं ती इंजिनेर होणार हाय, टेपनं इंच सांग. तर म्हणती, टेप दुकानदाराची असती, सुतळी आपली असती.

फोन इथं लागत न्हाई, म्हणून पत्र धाड.

तुझा मामा,
सावळेराम


पुणे
१८ फेब्रुवारी २००३

प्रिय मामा,
नमस्कार. माझं मराठी स्पेलिंग सांभाळून घ्या, इंग्लिश मीडियमची कृपा. पण बातमी एवढी भारी आहे की चुका दिसणारच नाहीत.

मी काल शोरूमला जाऊन आले! वर्गातले दोघं आले होते बरोबर. आमच्या वर्गात बावन्न मुलं आणि मुली दोन, त्यातली एक मी. पहिल्या दिवसापासून ऐकतेय, "तेजस्विनी, तू स्कूटीचं बघ." काल मात्र सगळ्यांची तोंडं बंद. सेल्समन मला "मॅडम" म्हणत होता, ऑर्डर फॉर्म माझ्या हातात दिला, कॉफी पण दिली.

मामा, मोठी चाकं. शंभर टक्के मोठी. साधी चाकं पंधरा इंची, मोठी सोळा. साध्या चाकांवर गाडी अशी दिसते जशी मोठ्या माणसाने लहान मुलाच्या चपला घातल्यात. मोठ्या चाकांवर तीच गाडी एकदम छाती काढून उभी राहते. आणि नुसतं दिसण्याचं नाही हां. ग्राउंड क्लिअरन्स वाढतो. आपण घाटघरला लग्नाला गेलो तेव्हा जीपचं चेंबर दगडाला लागलं होतं आणि तुम्ही आहेराची साडी अंथरून गाडीखाली झोपला होता, आठवतं? तसं परत होणार नाही. शिवाय कंपनीने स्वतः दिलेली चाकं, बाहेरून टाकलेली नाहीत, त्यामुळे वॉरंटीला धक्का नाही.

मामीला सांगा, सुतळी लावून बघितली. मस्त बसतं. गाठीच्या जरा खालीच येतं.

सोबतच्या फॉर्मवर मोठ्या चाकांच्या चौकोनात टिक करून टाका.

तुमची,
तेजू


डिंभे
२७ फेब्रुवारी २००३

चि. तेजूस आशीर्वाद.
पत्र पावलं. मामीला वाचून दावलं. सुतळीची ओळ तिनं दोनदा वाचून घेतली. मग पदर खोचून अंगणात उभी राहिली, हवेतच क्रेट धरलं आन् हवेतच रेटलं. म्हणती, "बसतंय. पोरगी शोरूममधी सुतळी लावत बसली आसंल, शिकल्यासवरल्या लोकांपुढं. माझ्यासाठी लाजली न्हाई बघा." लंकाबाई आली व्हती दही मागायला, तिला पण सांगितलं. दही इसरून गेली ती.

मंगळवारी जुन्नरला गेलो व्हतो, चांदभाईच्या गॅरेजात. जीप त्यानंच सतरा वर्सं जगवली, त्याला न इचारता नवी घेणं बरं दिसंना. तो म्हणला, "सावळेरामभाऊ, गाडी मिरवायला घेता का माल न्यायला? माल न्यायचा तर साधी चाकं. कुटंबी टायर मिळंल, आन् भाभीला चढवायला सोपं जाईल." मी म्हणलं, आमच्या भाचीनं माप घेतलंय. तर म्हणला, "माप घेतलं असंल तर मग मी गप."

पण माझ्या डोक्यात किडा सोडला त्यानं. तू एकदा परत सांग, म्हंजे टिक मारतो.

मामा


पुणे
५ मार्च २००३

प्रिय मामा,
चांदभाई जीपचे डॉक्टर आहेत, मान्य. पण मामा, ते अजून कार्ब्युरेटरमध्ये फुंकर मारून गाडी चालू करतात. नव्या गाड्यांचं त्यांना काय विचारायचं? ह्या गोष्टी आता वाचून कळतात, फुंकून नाही. मी दोन वर्षं ऑटो मॅगझिन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतेय.

टिक मारा. मोठी चाकं. माझ्यावर सोडा.

आणि गाडी आली की फोटो काढायचा. समोरून नको, जरा तिरक्यातून, म्हणजे पुढचं चाक पूर्ण दिसलं पाहिजे. स्टेअरिंग एका बाजूला वळवून ठेवा. हार चाकावर येऊ देऊ नका. प्रिंट मला लगेच पाठवा, वर्गात दाखवायचाय.

परीक्षेमुळे पाडव्याला येता येणार नाही. मामीला सॉरी सांगा.

तेजू


डिंभे
९ एप्रिल २००३

चि. तेजूस अनेक आशीर्वाद.
गाडी आली! पाडव्याला सकाळी ताब्यात घेतली, आधी ओझरला नेली, इघ्नहरापुढं उभी केली, मग घरी. मामीनं नारळ फोडला तो असा की पाणी थेट पुजाऱ्याच्या चष्म्यावर. तो म्हणला, "बाई, गाडीला फोडायचा असतो." घरी आलो तर सहा वाड्यांतली माणसं जमलेली. पोरं चाकाशी उभी राहून आपली उंची मोजत व्हती. भागूतात्या म्हणला, "सावळेराम, ही गाडी हाय का हत्ती?" मी म्हणलं, आमच्या भाचीची पसंती हाय.

फोटो पाठवलाय. तिरक्यातून काढलाय, स्टेरिंग वळवून. मागं मामी दिसती, तिला हल म्हणलं तर हलली न्हाई, सांभाळून घे.

गाडी चालायला लोणी. खड्डा कळत न्हाई. परवा पहिला माल भरला, पंचेचाळीस क्रेट. मामीला पहिल्या दिवशी जरा जड गेलं. म्हणली, "हात पोचतो पण छाती पोचत न्हाई." मी म्हणलं, नवी हाय, सवय व्हईल. ती म्हणली, "व्हय, मापात तर बसलीय."

सुट्टी लागली की ये. पुढच्या सीटवर बसवून नारायणगावला नेतो.

मामा


पुणे
१७ एप्रिल २००३

प्रिय मामा,
फोटो बघून वर्ग वेडा झाला. एकाने तर झेरॉक्स काढून होस्टेलच्या दारावर लावला. खाली लिहिलंय, "स्पेक बाय तेजस्विनी."

मामीला सांगा, नव्या गाडीच्या स्प्रिंगचे पाटे कडक असतात म्हणून मागून उंच वाटते. चारपाच महिने माल वाहिला की बसतात. सवय होईल.

सुट्टीत येणं कठीण दिसतंय. ट्रेनिंग मागितलंय एका वर्कशॉपला.

घाईत,
तेजू


डिंभे
२१ मे २००३

चि. तेजूस आशीर्वाद.
आंबे पिकले, तू आली न्हाईस. ट्रेनिंग असंल तर काम सोडून येऊ नको. पण एक दोन दिवस जमलं तर बघ, मामीला बरं वाटंल.

तसं काळजीचं न्हाई. मागच्या महिन्यात एकदा क्रेट तिच्या हातनं निसटलं. कड टेकलीच न्हाई. बावीस किलो टमाटं तिच्या अंगावरनं खाली. लागलं न्हाई फार, उजवा खांदा धरलाय. पण तिथं सगळ्या बाया उभ्या. कुंडलिक हसला. तो वरच्या वाडीचा, मोटर रिवाइंडिंग करणारा. म्हणला, "मामी, आता नातवंडं खेळवायची वेळ आली." तिनं खाली बसून टमाटं येचली, फुटकी येगळी, चांगली येगळी.

त्या दिवसापासनं ती गाडीवर येत न्हाई. मी घोडेगावच्या डॉक्टरकडं नेली. तो म्हणला, बायकांची हाडं वयानं झिजतात, उंची थोडी कमी व्हत जाती. गोळ्या दिल्या. तो आपला सहज बोलला आसंल, पण हिनं ते मनावर घेतलं. आता रोज सकाळी चौकटीला पाठ लावून उभी राहती आन् मला कोळशानं डोक्यावर रेघ मारायला लावती. सत्तेचाळीस वर्साची बाई. एक रेघ वर आली की बरी असती, खाली आली की दिवसभर गप. मी हल्ली रेघ जरा वरच मारतो.

तिला मी म्हणलं, अगं गाडी उंच आसंल. तर माझ्यावरच उखडली. म्हणती, "तेजूनं सुतळी लावली व्हती. गाठीच्या खाली आली व्हती. गाडीत खोट न्हाई, खोट माझ्या अंगात हाय."

आता कुंडलिक भरतो. क्रेट फेकतो, टमाट्याचा रस हौद्यातनं गळतो. तीन वाड्यांनी माल दुसऱ्या गाडीला दिला. पुढची सीट मोकळी असती. मार्केटात इचारत्यात, "आज मामी न्हाई?" मी म्हणतो, घरी पावणं हायत.

तू एवढं ध्यानात घेऊ नको. अभ्यास कर.

मामा


पुणे
११ जून २००३

प्रिय मामी,
पत्र तुला लिहितेय. मामा वाचून दाखवतील. मामा, प्लीज मध्ये काही गाळू नका. हे माझं चौथं पत्र आहे, आधीची तीन फाडली. पहिल्या तीनमध्ये मी पाटे, स्प्रिंग, रस्त्याचा उतार असलं काय काय लिहिलं होतं.

मामी, मी सुतळी लावली नव्हती.

शोरूममध्ये मोठ्या चाकांची गाडी समोर उभी होती. फाळका उघडा होता. सुतळी माझ्या पर्समध्ये होती. दोन मिनिटांचं काम होतं. मी पर्स उघडली, पेन काढायला, तर सुतळीचं टोक बाहेर आलं. बरोबरचा मुलगा म्हणाला, "हे काय, बैल बांधायला आणलंस?" सेल्समन हसला. मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. मी पण हसले. मी म्हणाले, "अरे, मेसच्या पार्सलची राहिली असेल." आणि आत कोंबली.

तू अंगणात उभी राहून लंकाबाईला सांगत होतीस की पोरगी माझ्यासाठी लाजली नाही. मामांनी ते लिहिलं तेव्हा मला पत्र पूर्ण वाचवलं नाही. तरी पुढच्या पत्रात परत खरं बोलले नाही. मामांनी दुसऱ्यांदा विचारलं होतं. तेव्हा टिक मारलेली नव्हती. तेव्हा सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं. मी उलट चांदभाईंची चेष्टा केली. त्यांनी बरोबर तेच सांगितलं होतं, "भाभीला चढवायला सोपं जाईल." त्यांनी तुझा विचार केला. मी फोटोचा केला.

मी मनात म्हणाले होते, चाक एकच इंच मोठं, म्हणजे फाळका अर्धा इंच वर, त्याने काय होतं. ते पण चूक. तो इंच नुसत्या रिमचा. वरचा टायर पण जाड असतो. गेल्या आठवड्यात मी एकटीच शोरूमला गेले. सेल्समनने ओळखलं, "या मॅडम." मी त्याच्यासमोर खाली बसले, सुतळीचं टोक पायाने दाबलं, आणि वर नेली. मामी, फाळका गाठीच्या वर तीन बोटं आहे. पूर्ण तीन. कोणी हसलं नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, माप घेताय का? जरा मला पण द्या."

तू आहेस तेवढीच आहेस. तुझी उंची कमी झाली नाही. डॉक्टरांना सांग गोळ्या कशाच्या ते बघायला. कोळशाच्या रेघा पुसून टाक. मामा, तुम्ही वर मारलेल्या पण पुसा.

सुट्टीत मी आले नाही ते ट्रेनिंगमुळे नाही. ट्रेनिंग मिळालंच नव्हतं. महिनाभर होस्टेलवर बसून होते. तुझ्यासमोर ती गाडी उभी असेल आणि तू मला विचारशील, "लावलीस ना गं सुतळी?" ह्याची भीती वाटत होती. दारावरचा तो फोटो मी काढून टाकला. त्यात तू मागे उभी आहेस. मी सगळ्यांना सांगायचे, मागच्या बाईकडे लक्ष देऊ नका, चाक बघा. हे पण लिहून टाकते, नाहीतर परत काहीतरी लपवल्यासारखं होईल.

मामी, सॉरी हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय मॅडमना, सरांना, जर्नल उशिरा दिल्याबद्दल, की इथे तो लिहायला नको वाटतो. मला रागाव. मामांकडून नको, तूच रागाव.

तेजू


डिंभे
२४ जून

तेजू,
हे मी लिवते. मामांनी फकस्त तुजा पत्ता घातलाय. मी चवथीपातूर शिकले, हळू लिवते म्हनून दोन दिस लागले.

तुजं पत्र मामांनी वाचलं. मी परत एकदा वाचाय लावलं. मंग मी उठले आन् चौकट ओल्या फडक्यानं पुसली. बत्तीस रेगा व्हत्या. तुजे मामा लई लबाड हायेत, त्येंनी वर मारलेल्या बी पुसल्या.

चाकाचं मला वाईट न्हाई वाटलं. चाकं बदलत्यात. पोरीला चांगलं दिसावं वाटलं, वाटू दे, मला बी गाडी चांगली दिसली.

पर मी दोन महिनं हिकडं माज्या अंगावर रागावले. रोज सकाळी उटले की पैलं पाय बगायची, गुडगं बगायची, म्हनायची, ह्या अंगानं दगा दिला. ह्या अंगानं तीस वर्सं वजी उचलली. त्याला मी वंगाळ वंगाळ बोलले. त्याचा काय बी गुना न्हवता. हे मला लागलं. हे तू कवा बी इसरू नको.

सुतळीला लाजलीस ते बी लागलं. पर मी बी एकदा लाजले व्हते. तुज्या साळंत तुजी आय आजारी म्हनून मी आले व्हते, तुला न्यायला. बाईंनी इंग्रजीत काय तरी इचारलं. मी म्हनले, मी घरकामाची बाई हाय. मामी म्हनाय लाज वाटली, तुला कमीपना यील म्हनून. तू तवा दुसरीत व्हतीस, तुला म्हाईत न्हाई.

आता ऐक. पत्रात कबूल केलंस ते तुज्या आन् माज्यात. कुंडलिक हसला तो समद्या बायांम्होरं. सहा वाड्यांना वाटतंय बयाबाई खचली. मी सांगून कुनाला खरं वाटत न्हाई, म्हननार गाडीवर ढकलती. म्हनून तू ये. आयतवारी सकाळी सातला माल भरत्यात. सुतळी घिऊन ये. समद्यांम्होरं खाली बस, टोक भुईला लाव, गाट दाव आन् तीन बोटं मोजून दाव. तोंडानं सांग की लावली न्हवती.

मंग बगू.

बयाबाई

ता. क. यीताना खांद्याला लावाय त्यो पिवळा मलम आन. हितला थंड लागत न्हाई.


डिंभे
९ जुलै २००३

चि. तेजूस अनेक आशीर्वाद.
सुखरूप पोचलीस ना? एस.टी.त जागा मिळाली न्हाई ते मी बघितलं, पण गाडी हालली.

तू आयतवारी जे केलंस ते मला बघवलं न्हाई, मी बॉनेट उघडून उगीच तेल बघत उभा व्हतो. पण ऐकत व्हतो सगळं. तुझा आवाज एवढा बारीक झाला व्हता की लंकाबाई म्हणली, "मोठ्यानं सांग बाई, मागं ऐकू येत न्हाई," आन् तू परत पहिल्यापासनं सांगितलंस. तुझ्या मामीनं तुला हात दिला न्हाई, मधी बोलली न्हाई. मला राग आला व्हता तिचा. रात्री म्हणलं तिला, पोर रडत व्हती, जरा जवळ घ्यायचं. तर म्हणती, "रडत व्हती, पर बोट हललं न्हाई तिचं गाठीवरनं. मग कशाला मधी जाऊ?"

तुझ्यामागं काय काय झालं ते लिहितो. कुंडलिक सोमवारी आलाच न्हाई. मंगळवारी आला, मामीला म्हणला, "मामी, चुकलो, तुमची उंची हाय तेवढीच हाय." ती म्हणली, "तुझी बी हाय तेवढीच हाय, जा, मोटरी बघ."

आता लंकाबाईचा वेगळाच ताप. तिची मान दुखती, तर म्हणती मला पण सुतळी लावा, माझी चूल उंच हाय का बघा.

चांदभाईला तू दिलेली माफीची चिठ्ठी पोचवली. त्यानं वाचली, घडी करून खिशात ठेवली. म्हणला, "पोरीनं कार्ब्युरेटरची फुंकर शिकायची तर जुन्नरला धाडा, सुट्टीत ये म्हणावं." चाकाचं त्यानंच जमवलं. ओतूरच्या एकाची हीच गाडी, साध्या चाकांची, त्याचा रस्ता खडकाळ, त्याला मोठी पायजे व्हती. पाचाला पाच चाकं, स्टेपनीसकट अदलाबदल. दोघं खूश. कागदावरची नोंद पण चांदभाईनंच करून आणली.

मोठी चाकं निघाली तेव्हा मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. गाडी ऐटीत दिसायची. आता दिसती आपल्यासारखी.

काल मामी पहिल्यांदा गाडीवर माघारी आली. अंगणात उभी राहिली, फाळका उघडायला लावला, स्वतः लुगड्याचा काठ धरून माप बघितलं. मग क्रेट पोटाशी धरलं, कड टेकवली, रेटलं. खांदा अजून दुखतो, म्हणून बावीसच क्रेट भरली, बाकी बायांनी भरली. पण पुढच्या सीटवर ती. घोडेगावच्या चढाला मला म्हणती, "जरा हळू, माझी उंची हादरती." तीन वाड्यांतली एक वाडी परत आली. दोन अजून न्हाई आल्या. येतील, न्हाई येतील.

मार्केटात इचारलं, "मामी, पावणं गेलं का?" ती म्हणली, "कुठलं पावणं? आमच्याकडं कुणीबी आलं नव्हतं." आन् माझ्याकडं असं बघितलं की मी दुखरी कंबर इसरून क्रेट उतरवायला लागलो.

घरी आल्यावर सुतळी शोधत व्हतो. तू आयतवारी ती खुंटीला अडकवलीस, मी बघितलं व्हतं. खुंटीवर न्हाई. मामीला इचारलं. भाकरी थापत व्हती, वर बघितलं न्हाई.

"तेजूच्या पिशवीत टाकली," म्हणली, "शेंगदाण्याच्या पुडीखाली. पुढची गाडी घेताना लागंल तिला."

पिशवी उलटी करून बघ. सापडली का ते कळव.

तुझा मामा,
सावळेराम